तारेने की टपालाने?

क्यूबाच्या राजधानीत, हवाना शहरात, दर आठवड्याला एक गाठोडे बांधले जाते आणि काही दिवसांतच ते बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचते. ‘एल पाकेते सेमानाल’, म्हणजे ‘साप्ताहिक गाठोडे’, याच नावाने ते ओळखले जाते. सुमारे एक टेराबाइट, म्हणजे हजार गिगाबाइट एवढा त्याचा पसारा असतो. मालिका, चित्रपट, गाणी, नियतकालिके, छोट्या जाहिराती आणि त्यांच्या जोडीला मोबाइलवर चालणारी सॉफ्टवेअरे व संगणकातील व्हायरस रोखणाऱ्या प्रणालींच्या ताज्या आवृत्त्या असा सारा ऐवज त्यात असतो. हा ऐवज हार्ड डिस्कवर भरला जातो. बसने, सायकलने किंवा पायी तो प्रांतोप्रांतीच्या वितरकांकडे जातो आणि तेथून गल्लीतील नकला करून देणाऱ्याकडे. गिऱ्हाईक आपला पेन ड्राइव्ह घेऊन येते, हवे तेवढे भरून घेते, पैसे मोजते आणि घरी जाते. या व्यवहारात ना तार आहे ना मनोरा.

एकविसाव्या शतकात एका देशातील जनतेला संगणकाचे सॉफ्टवेअर खिशात घालून घरोघर पोचवावे लागते, याचे कोणी कौतुक करील, कोणी हसेल. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने येथे थोडे थांबून विचार करावयास हवा, कारण या गाठोड्याच्या दोन्ही बाजूंना दोन भिंती उभ्या आहेत आणि त्यांतील एक भिंत समाजवादाच्या नावाने बांधलेली आहे.

पहिली भिंत अमेरिकेची. १९६२ पासून चालू असलेल्या व्यापारबंदीमुळे, फ्लोरिडाचा किनारा हाकेच्या अंतरावर असूनही, क्यूबाला समुद्राखालची तार मिळाली ती दूरच्या व्हेनेझुएलाकडून. ती २०११ मध्ये किनाऱ्याला लागली आणि प्रत्यक्ष वापरात येण्यास २०१३ साल उजाडले. तोवर सारी भिस्त महागड्या व संथ उपग्रहांवर होती. बंदी केवळ तारेपुरती नव्हती. २०१० च्या जानेवारीत ‘सोर्सफोर्ज’ या अमेरिकेतील मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या भांडाराने क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान व सीरिया या देशांतून येणाऱ्या वाचकांना दार बंद केले. ज्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच ‘कोणीही वापरावे, कोणीही नक्कल करावी’ असे लिहिलेले आहे, ते घेण्यासही अमेरिकेचा कायदा आडवा आला. ज्ञान मुक्त होते, पण ज्या तारेवरून ते यावयाचे त्या तारेचे नाके अमेरिकेच्या ताब्यात होते.

दुसरी भिंत क्यूबाच्या सरकारी दूरसंचार कंपनीची, ‘एतेक्सा’ची. हवानाच्या चौकाचौकांत सार्वजनिक वायफाय सुरू झाले ते २०१५ मध्ये. मोबाइलवर इंटरनेट आले ते २०१८ च्या डिसेंबरात. २०२१ च्या जुलैत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तेच इंटरनेट बंद करण्यात आले. २०२५ च्या मे महिन्याअखेरीस कंपनीने नवे दर लादले. महिन्याला ३६० पेसोंच्या वर भरणा करण्यास मनाई झाली आणि त्या रकमेत मिळत होते सहा गिगाबाइट. त्यावर आणखी तीन गिगाबाइट हवे असतील, तर ३,३६० पेसो, म्हणजे सरासरी मासिक पगाराच्या निम्म्याच्या घरातील रक्कम मोजा! हवाना विद्यापीठाचे विद्यार्थी या दरवाढीविरुद्ध उभे राहिले. त्यांना काही जादा सवलती देऊ करून सरकारला माघारीचे पाऊल टाकावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आजच्या एका प्रचलित मुक्त संगणकप्रणालीची, उबुंटूची, प्रतिष्ठापनेची एक फाइल सुमारे सहा गिगाबाइटची असते. म्हणजे क्यूबन विद्यार्थ्याने महिन्याचा सारा वाटा खर्च करावा, कोणाला पत्र पाठवू नये, एकही धडा वाचू नये, तेव्हा कोठे त्याच्या हाती एक प्रणाली पडावयाची. गाठोडेवाल्याकडून तीच फाइल अर्ध्या तासात मिळते.

याचा अर्थ गाठोडे म्हणजे स्वातंत्र्य, असा मात्र नव्हे. ते बांधणारे व्यापारी आहेत आणि धंदा टिकावा म्हणून राजकीय मजकूर ते स्वतःच वगळतात. काय पोचावे व काय पोचू नये, हे तेथेही मूठभरच ठरवतात. सरकारने त्याला तोड म्हणून २०१४ मध्ये आपल्या युवा संगणक केंद्रांमार्फत ‘मी मोचिला’, म्हणजे ‘माझे दप्तर’, नावाचे स्वतःचे गाठोडे काढले. ते शैक्षणिक होते, सुसंस्कृत होते आणि लोकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वरून आलेले दप्तर आणि शेजाऱ्याने दिलेले गाठोडे यांतील फरक लोकांना समजतो.

हा क्यूबाचा अपवादात्मक प्रकार आहे आणि प्रगत देशांत सारे काही तारेने चालते, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. थोडा हिशेब मांडून पाहावा. एक टेराबाइटचा मजकूर सेकंदाला दहा मेगाबिट वेगाच्या तारेवरून अखंड वाहू लागला, एक क्षणही वीज गेली नाही, तरी त्यास सव्वानऊ दिवस लागतात. तोच मजकूर हातात मावणाऱ्या एका डिस्कवर भरून, मुंबईहून रात्रभर प्रवास करणाऱ्या एसटीच्या गाडीतून सावंतवाडीला नेला आणि प्रवासाला बारा तास धरले, तर त्या प्रवाशाच्या पिशवीचा वेग सेकंदाला १८५ मेगाबिट भरतो. भरण्या-उतरवण्याचे पाच-सहा तास धरले तरी तो १२० च्या खाली येत नाही. पिशवीत दहा डिस्क असल्या तर वाहतुकीचा वेग दसपट होतो, तिकीट मात्र एकच. दक्षिण आफ्रिकेत २००९ मध्ये एका कंपनीने विनोदाने ही गोष्ट सिद्ध करून दाखवली. चार गिगाबाइटचे कार्ड कबुतराच्या पायाला बांधून ते डरबानकडे सोडण्यात आले आणि तोच मजकूर त्याच वेळी ब्रॉडबँडवरूनही पाठवण्यास सुरुवात झाली. कबुतर पोचले, मजकूर संगणकात उतरला, तोपर्यंत तारेवरून चार टक्के काम झाले होते.

विनोद बाजूला ठेवला तरी, मोठे धनिक मोठा मजकूर हलवताना काय करतात हे पाहण्यासारखे आहे. अमेझॉन कंपनीने २०१६ मध्ये पंचेचाळीस फुटी कंटेनरची एक ट्रकगाडीच तयार केली. एका खेपेस शंभर पेटाबाइट, म्हणजे एक लाख टेराबाइट, मजकूर गिऱ्हाइकाच्या दारातून उचलून तो कंपनीच्या केंद्रात आणून टाकणे हे तिचे काम. सेकंदाला दहा हजार मेगाबिट वेगाच्या तारेनेही त्यास अडीच वर्षे लागली असती. ती गाडी २०२४ मध्ये बंद झाली. परंतु तिच्या मागचा हेतू बोलका आहे. मजकूर आत आणण्यासाठी दारात ट्रक उभा राहतो. तोच मजकूर बाहेर न्यावयाचा झाला की मीटर सुरू होते आणि अमेरिकेतील दराप्रमाणे पहिल्या टप्प्यात दर गिगाबाइटला सुमारे नऊ सेंट मोजावे लागतात. धान्य कोठारात घालताना फुकट हमाली आणि काढताना मापाई, हा सावकारी न्याय ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा करून या जाण्याच्या दंडाला हात घातला, तेव्हा २०२४ मध्ये बड्या कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांना तो माफ केला. कायद्याची चाहूल लागेपर्यंत मात्र ‘बाजाराची स्वाभाविक गती’ म्हणून त्याचे समर्थन चालू होते.

विज्ञानाच्या क्षेत्रातही हेच घडते. २०१९ च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यासाठी २०१७ मध्ये जगातील निरनिराळ्या दुर्बिणींनी गोळा केलेला सुमारे पाच पेटाबाइट मजकूर तारेने पाठवणे अशक्यच होते. अर्धा टन डिस्का विमानाने अमेरिकेतील व जर्मनीतील केंद्रांत आणाव्या लागल्या आणि दक्षिण ध्रुवावरील डिस्कांसाठी तर तेथील हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत अनेक महिने वाट पाहावी लागली.

तेव्हा तार श्रेष्ठ की डिस्क, हा वाद निरर्थक आहे. लहान, तातडीचा आणि रोज बदलणारा मजकूर तारेनेच जावयास हवा. संगणकातील एखाद्या सुरक्षेच्या भगदाडावर आज ठिगळ निघाले असेल, तर ते पुढच्या सोमवारच्या टपालाने येऊन उपयोग नाही. मोठा, फारसा न बदलणारा आणि एकाच ठिकाणी अनेकांना लागणारा मजकूर डिस्कवरून जाणे शहाणपणाचे. खरा प्रश्न पुढचा आहे. मजकूर एकदा गावात पोचल्यावर त्याची दुसरी प्रत शेजाऱ्याला देण्याचा अधिकार गावाला आहे की नाही?

या ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा इतिहास आठवावा लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ च्या आरंभी विद्यापीठातील नोकरी सोडून मुक्त प्रणाली लिहिण्यास वाहून घेतले. १९८५ पासून ते आपला ‘ईमॅक्स’ हा लेखन-संपादनाचा कार्यक्रम चुंबकीय फितीवर भरून टपालाने पाठवू लागले. ज्यांच्याकडे जाळे होते त्यांना तो फुकट घेता येत होता. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी दीडशे डॉलर पाठवून फीत मागवावी. दीडशे डॉलर ही काही गरिबाची रक्कम नव्हे. परंतु फीत मागवणाऱ्याने पुढे शंभर जणांना नकला करून दिल्या तरी त्यास कोणी अडवणार नव्हते. किंमत फितीची व हमालीची होती, ज्ञानाची नव्हती. १९९१ च्या त्यांच्या सार्वजनिक परवान्यात तर हे कलमच आहे. मूळ संहिता मागणाऱ्याला ती रूढ माध्यमावर, पाठवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक पैसे न घेता, दिली पाहिजे. ज्याच्या घरी तार पोचलेली नाही तोही नागरिक आहे, हे या रूक्ष कायदेशीर वाक्यात गृहीत धरलेले आहे. सरकारांच्या धोरणांत ते क्वचितच आढळते.

उबुंटूच्या प्रवर्तक कंपनीने २००५ पासून जगभर कोणी मागेल त्याला सीडी टपालखर्चासह फुकट पाठवल्या. भारतातील कितीतरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती पहिली मुक्त प्रणाली आली ती अशा पाकिटातून, किंवा संगणकविषयक मासिकाला चिकटवलेल्या सीडीवरून. २०११ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. आता जाळे सर्वत्र पोचले आहे, ही त्यामागची भूमिका. ज्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते, त्यांच्यापर्यंत ही भूमिकाही पोचली नसावी.

भारतात ते खरोखर कोठवर पोचले आहे? देशातील सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर झाली २०११ च्या ऑक्टोबरात. मुदत संपली, वाढली, पुन्हा संपली. योजनेचे नाव बदलून ‘भारतनेट’ झाले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या सुधारित आवृत्तीस १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर करावे लागले. अनेक गावांत तार ग्रामपंचायतीच्या कचेरीतील पेटीपर्यंत येऊन थांबली आहे. पेटीपासून शाळेपर्यंतचे दोनशे पावलांचे अंतर कोणी तोडावयाचे, हे ठरलेले नाही. मधल्या काळात खाजगी मोबाइल कंपन्यांनी स्वस्त डेटाचा गाजावाजा केला. तो स्वस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दिवसाला दीड गिगाबाइटच्या मापाने सहा गिगाबाइटची एक प्रणाली उतरवण्यास चार दिवसांचा वाटा लागतो. शाळेतील वीस संगणकांपैकी प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे उतरवावी, अशी मालकी सॉफ्टवेअरची सामान्यतः अपेक्षा असते; तसे केले तर ऐंशी दिवस लागतील. मुक्त प्रणाली असेल तर एक प्रत उतरवावी, पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि शिक्षकाने शनिवारच्या दुपारी वीसही संगणकांवर चढवावी. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभारले याचे महत्त्व केवळ वाचलेल्या परवानाशुल्कात नाही. तेथील शिक्षकाला नक्कल करण्याचा हक्क आहे, तो चोरटा नाही. त्याच राज्याने २०२३ च्या जूनमध्ये स्वतःच्या मालकीचे काचतंतूचे जाळे सुरू केले आणि त्यात गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. केरळने तार टाकतानाच नकलेचा हक्कही सांभाळला.

तारेला आणखी एक दोष आहे. तिला एक खटका असतो आणि तो सरकारच्या हाती असतो. ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले. मोबाइलवर पूर्ण वेगाचे जाळे परत आले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी. मणिपुरात २०२३ च्या मे महिन्यापासून कित्येक महिने तोच प्रकार झाला. या बंद्यांची मोजदाद करणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेने २०२४ या एका वर्षात भारतात ८४ प्रसंग नोंदवले. लोकशाही म्हणवणाऱ्या देशांत हा उच्चांक. निसर्गाचा खटका वेगळाच. २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आणि मनोरे आडवे झाले आणि ऐन ऑनलाइन शिक्षणाच्या वर्षात कितीतरी गावे दिवसेंदिवस मूक राहिली. शाळेच्या कपाटात धड्यांची एक डिस्क असती, तर निदान जनरेटरवर तरी ती चालवता आली असती.

डिस्कविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा की, तिच्यातून व्हायरस पसरतात. आक्षेप खोटा नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ इराणच्या अणुकेंद्रात शिरला तो पेन ड्राइव्हच्याच वाटेने, असे मानले जाते. परंतु तारेची वाट सोवळी आहे काय? १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने तारेने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘लिनक्स मिंट’ या मुक्त प्रणालीच्या संकेतस्थळावर चोर शिरले आणि त्यांनी अस्सल फाइलच्या जागी बनावट फाइलचा दुवा ठेवला. वाट कोणतीही असो, आलेला मजकूर पारखून घ्यावा लागतो. त्यासाठी अंकीय स्वाक्षरी नावाचे साधन उपलब्ध आहे आणि ती पडताळणे खेड्यातील शिक्षकालाही तासाभरात शिकवता येते. सहा गिगाबाइटचा मजकूर टपालाने यावा आणि चार ओळींची स्वाक्षरी तारेने, ही दोन्ही वाहनांची नैसर्गिक श्रमविभागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीच्या आतूनच येईल. डिस्क वाटण्याची मागणी केली, तर सरकार म्हणेल, ‘छान झाले, आता तार कशाला?’ ही भीती रास्त आहे. गरिबांसाठी दुय्यम सोय काढून तिलाच धोरण म्हणण्याची खोड राज्यकर्त्यांना जुनी आहे. पण समाजवादी परंपरेत या पेचाचे एक उत्तर आधीच दिलेले आहे. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा सर्वांना पहिल्या वर्गाने नेणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी दुसऱ्या वर्गाची लाकडी बाके तशीच ठेवली नाहीत. त्यांवर गादी बसवली. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची मागणी त्या गादीने संपली नाही, पण त्या रात्री त्याला झोप मिळाली.

तशी गादी येथे कोणती, याचे उत्तर टपालखात्यातच आहे. वृत्तपत्रे लोकशिक्षणाचे साधन आहेत, या भूमिकेतून नोंदणीकृत वृत्तपत्रांना सवलतीचा टपालदर दीर्घकाळ मिळत आला आहे; हे साप्ताहिकही त्याच सवलतीच्या आधारे तालुक्यातालुक्यांत पोचत आले. १ मे २०२५ पासून टपालखात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक वीस रुपयांत, पाच किलोपर्यंतचे शंभर रुपयांत, कर वेगळा. योजना चांगली आहे. परंतु ती छापील साहित्याचा विचार करून आखलेली आहे. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह सुमारे शंभर गिगाबाइटच्या एका फाइलमध्ये मावतो. मराठी तर त्याहून कितीतरी लहान आहे. हा सारा ज्ञानकोश, मुक्त संगणकप्रणाली, राज्याची पाठ्यपुस्तके आणि शाळेला लागणारी सॉफ्टवेअरे चार तोळ्यांहून हलक्या पेन ड्राइव्हवर बसतात. तो शैक्षणिक साहित्य का ठरू नये? ज्ञान पोस्टच्या नियमांत ‘छापील’ या शब्दाशेजारी ‘वा मुक्त परवान्याचे अंकीय’ एवढे चार शब्द घालण्याची मागणी संसदेत सहज करता येईल. तिला तिजोरीतून खर्च जवळजवळ नाही.

राज्याच्या पातळीवर मागणी ग्रंथालयांसंबंधी असावी. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयात मुक्त मजकुराची एक डिस्क असावी, ती दर महिन्याला टपालाने किंवा एसटीने बदलून यावी, कोणीही पेन ड्राइव्ह आणून नक्कल न्यावी आणि नोंदवहीत त्याचे नाव विचारले जाऊ नये. डिस्कवर काय असावे हे मंत्रालयाने ठरवू नये. ‘माझे दप्तर’चा अनुभव समोर आहे. ग्रंथालयाच्या वाचकसभेने आणि शिक्षकांनी ते ठरवावे. याच बरोबरीने ग्रामपंचायतीच्या पेटीपासून शाळेपर्यंतच्या दोनशे पावलांची तार कोणत्या महिन्यात जोडली जाणार, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत लेखी विचारला गेला पाहिजे आणि उत्तराची तारीख इतिवृत्तात नोंदवून घेतली पाहिजे.